दाजींचं सेलर

पांढऱ्या वाइनमधलं मला सगळं कळतं, हे आमच्या सोसायटीत सर्वांना ठाऊक आहे. ठाऊक असणारच, कारण ते मीच सांगितलं आहे. लिफ्टमध्ये सांगितलं, पार्किंगमध्ये सांगितलं, आणि वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीच्या गळतीचा विषय निघाला तेव्हा ओकच्या पिंपातून वाइन कशी उडून जाते, हेही सांगितलं. सेक्रेटरींनी तो मुद्दा इतिवृत्तात घेतला नाही, पण ऐकला सगळ्यांनी.

ही विद्या मी नाशिकला मिळवली. द्राक्षमळ्याची सहल होती. एका तरुण मुलीने आम्हाला लांबलचक टेबलाशी उभं करून शिकवलं, की पेला दांडीला धरायचा, पांढऱ्या कागदावर तिरका करून रंग बघायचा, वाइन गोल फिरवायची, नाक आत घालून वास घ्यायचा आणि सगळ्यात शेवटी प्यायची. बाकीच्या मंडळींनी शेवटच्या पायरीपासून सुरुवात केली. मी वही काढली. जन्मभर विमा कंपनीत क्लेम तपासलेला माणूस मी. समोरचा बोलायला लागला की हात आपोआप टिपणाकडे जातो.

त्या वहीत पुष्कळ काही आहे. युरोपात द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरवतात, नाशिकला जानेवारी ते मार्चमध्ये. आपल्याकडची थंडी वेलाला झोपवण्याइतकी कडक नसते, म्हणून त्याला वर्षातून दोनदा कात्री लागते. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. म्हणजे आषाढात आपल्या हाती येणारी नव्या सालची नाशिकची पांढरी वाइन जेमतेम चार-पाच महिन्यांची असते. बारसं नुकतंच झालेलं. ती तशीच प्यायची असते. स्टीलच्या टाकीत, गारव्यात आंबवून तिचा ताजेपणा राखलेला असतो आणि बाटली ठेवून दिली तर सगळ्यात आधी तोच जातो.

पुढच्या पानावर दुसरी, ठेवल्याने खुलणारी जमात आहे. फ्रान्समध्ये ल्वार नदीकाठची शेनँ ब्लाँ, बर्गंडीची शार्दने, जर्मनीची रीसलिंग. ऑस्ट्रेलियातल्या हंटर व्हॅलीची सेमियाँ तर तरुणपणी नुसती लिंबाळ आंबट लागते, आणि ओकचं पिंप जन्मात पाहिलेलं नसताना दहा वर्षांनी तिला भाजलेल्या पावाचा वास येऊ लागतो. लाल वाइन वयानुसार फिकी पडते. पांढरी मात्र गडद होत होत सोनेरी होते. या शेवटच्या वाक्याखाली मी दोन रेघा मारल्या आणि समासात लिहिलं, ‘जुनं ते सोनं.’ समासातलं वाक्य त्या मुलीचं नव्हतं. पुढचं रामायण त्या समासातून घडलं.

नाशिकहून आणलेल्यांपैकी शेनँ ब्लाँची एक बाटली घरात उरली. नेमक्या त्याच सुमारास माझ्या एक आत्या मुक्कामाला येणार होत्या. तीर्थसुद्धा हुंगून घेणाऱ्या बाई. बाटली तातडीने स्वयंपाकघरातल्या माळ्यावर, बंदी आल्यापासून पडून असलेल्या थर्माकोलच्या मखरामागे गेली. आत्या गेल्या, बाटली तिथेच राहिली. खाली गॅस, वर तापलेला स्लॅब आणि पुण्याचे एप्रिल-मे. पुढे एकदा मखर भंगारात द्यायला काढलं तेव्हा ती हाती लागली. उजेडात धरून पाहतो तर काय, वाइन सोनेरी! शिडीवर चढताना मी साधा निवृत्त माणूस होतो. उतरलो तो सेलरचा मालक होऊन.

शेनँ ब्लाँ दशकानुदशकं टिकते, हे वहीत होतंच. व्हुव्रे आणि साव्हेन्येर या गावांची नावंही होती. ती गावं ल्वारच्या काठी आहेत, तिथली द्राक्षं वेगळ्या हवेत, सावकाश पिकलेली असतात आणि बाटल्या बारा-तेरा अंशांच्या स्थिर गारव्यात, अंधारात निजतात, एवढा तपशीलही होता. पण सेलरच्या मालकाने असल्या किरकोळ गोष्टीत लक्ष घालायचं नसतं. मी पुठ्ठ्याची चिठ्ठी करून बाटलीच्या मानेला बांधली. तिच्यावर ‘राखीव’ असं लिहिलं.

आणि मग कोल्हापूरहून मेव्हण्याचा फोन आला.

“दाजी, अवस जवळ आलीया. रविवारी आखाडाचं मटण हाय. ताईला घिऊन या.”

गटारी म्हणायला ज्यांना जड जातं ते आखाड म्हणतात. मटण तेवढंच शिजतं. माझ्या सासुरवाडीत एरवी बाटली दिसत नाही, पण श्रावणाआधीच्या त्या रविवारी मामा, म्हणजे आमचे सासरे, डोळ्यांना कमी दिसत असल्याचं जाहीर करतात आणि पुरुषमंडळी माडीवर जाऊन काय ते उरकून येतात. हे चोरटं पिणं मला पहिल्यापासून खटकत आलं आहे. जेवणाबरोबर, सहकुटुंब, पदार्थागणिक वाइन बदलत, संस्कृती म्हणून प्यावी, असं माझं मत. ते मी फोनवर मांडलं. मेव्हणा म्हणाला, “मटण पंधरा किलो हाय, एवढंच सांगायचं हुतं.”

मी वही घेऊन बसलो. आळणी आणि पांढरा रस्सा यांच्याबरोबर नाशिकची तरुण सोव्हिन्यों ब्लाँ, कारण पांढऱ्याला पांढरी. तांबडा रस्सा आणि सुक्या मटणाबरोबर माळ्यावरची प्रौढ शेनँ ब्लाँ, कारण तिखटाला उत्तर द्यायला पोक्त वाइनच हवी. आणि शेवटी गोडाबरोबर रीसलिंग. ही रीसलिंग श्टुटगार्टला असलेल्या पुतण्याने आणलेली, मोझेल नदीकाठची, दहा वर्षांहून जुनी. आणल्यापासून ती आमच्या फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात तळाशी आडवी पडून होती. बायकोने तिला दुधीभोपळ्याखाली टाकलं होतं. त्यामुळे गारवा, अंधार आणि आडवी बैठक, तिन्ही गोष्टी माझा हात न लागता जुळून आल्या होत्या. पण तिचा मान तिसरा. परदेशी असली तरी तिच्या लेबलवर अल्कोहोल अवघं आठ टक्के होतं, आणि माझ्या ‘राखीव’वर साडेबारा.

“अहो,” निघताना बायको म्हणाली, “त्यांनी मटण खायला बोलावलंय. पेपर तपासायला नाही.”

तिच्या माहेरच्या माणसांना नव्या गोष्टी समजावून सांगाव्या लागतात, असं काहीतरी मी पुटपुटलो. पुढचे दोन तास गाडीत शांतता होती.

सासरी पोचलो तेव्हा पाऊस लागला होता आणि मागच्या परड्यात चुलवाणावर पातेलं रटरटत होतं. पेल्यांची पेटी मी छातीशी धरून आणली. मामी पुढे आल्या. “हे काय हो जावयबापू?” मी म्हणालो, “द्राक्षाचा रस असतो, मामी.” त्यांनी बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि “बरं” म्हणाल्या. त्या ‘बरं’मध्ये पन्नास वर्षांचा संसार होता.

पहिली अडचण गारव्याची. तरुण पांढरी वाइन आठ-दहा अंशांवर द्यावी, जुनी त्याहून जरा कमी गार. मामींच्या फ्रिजमध्ये मात्र त्या दिवशी मटण, नारळाचं दूध आणि वाटणाचे डबे यांची अशी दाटी होती, की दार मेव्हण्याच्या पायाने लावावं लागत होतं. मेव्हण्याने कारखान्यातून बर्फाची लादी आणली, फोडून घमेल्यात टाकली, आणि मी वहीत तापमान शोधत असताना वर खडेमीठ ओतलं. “पॉट आइस्क्रीमला टाकतोय न्हवं? तसंच.”

त्याचं शास्त्र बिनचूक होतं. मिठाने बर्फाचं पाणी शून्याच्या बरंच खाली जातं. वाइन मात्र उणे पाच-सहा अंशांच्या आसपास गोठायला लागते. पंगत बसली तेव्हा सोव्हिन्यों ब्लाँचा अर्धा बर्फ झाला होता.

तिला बूच नव्हतं. आपल्याकडच्या बहुतेक पांढऱ्या वाइनना हल्ली फिरकीचं झाकण असतं, आणि ताजेपणा टिकवायला तेच बरं, हे मी मामांना समजावलं. मामा म्हणाले, “पाव्हणं, आमच्या तणनाशकाला बी असंच असतंय.” मी पेला तिरका करून ओतू लागलो. आधी काहीच आलं नाही, मग भसकन खडा आला.

“आयला, गोळा हाय की!” मेव्हणा म्हणाला.

मी सगळ्यांना पेला फिरवायला लावलं. पंगतीतली दहा माणसं पाटावर मांडी घालून काचेचे पेले फिरवत होती आणि पेल्यांत बर्फ खुळखुळत होता. “नाक घाला,” मी म्हणालो. नाकं गेली. वास शून्य. अतिगार वाइनला वास येत नाही, कारण वासाचे रेणू उडून वर यायला थोडी ऊब लागते. “थांबू या,” मी म्हणालो. इकडे आळणीवर साय धरायला लागली. मामी वाढता वाढता थांबल्या. आमच्या सासुरवाडीच्या इतिहासात मटण समोर असताना लोक थांबल्याची ही पहिली नोंद असावी.

बऱ्याच वेळाने मेव्हण्याने पुन्हा हुंगलं. “दाजी, रागावू नगासा. पण ह्याला ढबू मिरचीचा वास येतोय.”

मी हसलो. अडाण्याला क्षमा करताना हसतात, तसं. “याला हरित छटा म्हणतात,” मी सांगितलं. घरी आल्यावर वही उघडली. सोव्हिन्यों ब्लाँमधला तो हिरवा वास मेथॉक्सीपायराझिन नावाच्या संयुगांचा असतो आणि हुबेहूब तीच संयुगं ढबू मिरचीत असतात. जगभरातले वाइनचे परीक्षक तो वास ओळखायला वर्गात बसतात. मेव्हण्याकडे ढबूचं पॉलिहाउस आहे.

पांढऱ्या रश्श्याबरोबर ती तशी वाईट लागली नाही. नारळाच्या दुधाचा, तिळा-खसखशीचा स्निग्धपणा तिच्या आंबटपणाने कापला जात होता. पण पांढरा रस्सा रंगाने गरीब असतो, स्वभावाने नाही. त्यातलं आलं, मिरी आणि हिरवी मिरची पेल्यातल्या बर्फाला जुमानत नव्हती. दोन वाट्यांनंतर मामांनी पेला बाजूला सारला आणि रश्श्याची वाटी तोंडाला लावली. “हे हाय का अजून?” त्यांनी विचारलं. मी बाटलीकडे हात नेला. “रस्सा म्हणतोय मी,” मामा म्हणाले.

आता तांबडा. वाटीत तर्री तरंगत होती आणि कांदा-लसूण मसाल्याचा वास पंगतीवर पसरला होता. मी उठून उभा राहिलो. ‘राखीव’ची चिठ्ठी सोडवली. शेनँ ब्लाँचं घराणं, ल्वारचा काठ, काळाच्या ओघात वाइनला येणारी मधाची आणि सुक्या मेव्याची छटा, यावर चार शब्द बोललो. चारच, असं मला वाटतं. बायकोचा आकडा वेगळा आहे.

पेल्यांत सोनं उतरलं. रंग खरोखर देखणा होता. मामांनी एक घोट घेतला, तांबड्याचा भुरका मारला, आणि त्यांचा चेहरा रश्श्याच्या रंगाचा झाला. मेव्हण्याने सुकं खाऊन वर पेला रिकामा केला आणि तो उठून परड्याकडे धावला. “आग लागली की, दाजी! इझवायला दिलंयसा का पेटवायला?”

हेही वहीच्या शेवटच्या पानावर होतं, फक्त ते मी कार्यक्रमानंतर वाचलं. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या ग्राहीला डिवचतं, तो मुळात उष्णता ओळखणारा ग्राही आहे. तो शोधून काढणारे डेव्हिड ज्युलियस २०२१ सालच्या नोबेलचे एक मानकरी. एरवी हा ग्राही साधारण ४३ अंशांना चाळवतो. अल्कोहोल त्याचा उंबरठा खाली खेचून ३४ अंशांच्या आसपास आणतं. माणसाचं तोंड ३७ अंशांचं. म्हणजे तिखटावर साडेबारा टक्क्यांची वाइन प्यायल्यावर माणसाला स्वतःचीच ऊब भाजते. तिखटाला पोक्त उत्तर देण्याचा माझा बेत शास्त्राच्या बरोबर उलट्या टोकाला जाऊन पोचला होता.

पण ते आगीपुरतं. चवीचं काय? चव मी स्वतः घेतली. मध नव्हता, सुका मेवा नव्हता. होतं ते काहीतरी थकलेलं, चपटं आणि शेवटी कडवट. मी डोळे मिटून मान डोलावली, कारण सगळे माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात मामी वाढत वाढत माझ्यापाशी आल्या. त्या पिणार नव्हत्याच. त्यांनी पेला उचलून दुरून हुंगला आणि खाली ठेवला.

“सफरचंद कापून ठिवल्यावर काळं पडतंय, तसा वास हाय,” त्या म्हणाल्या. “उन्हात हुती का बाटली?”

“माळ्यावर होती,” बायको म्हणाली. “गॅसच्या वर.” इतक्या वर्षांच्या संसारात तिने इतक्या आनंदाने वाक्य पूर्ण केलेलं मला आठवत नाही.

कापलेल्या सफरचंदाचा तो वास अ‍ॅसिटाल्डिहाइडचा. हवा आणि उष्णता यांनी थकलेल्या पांढऱ्या वाइनची ती ठरलेली खूण. वयाने आलेला सोनेरी रंग आणि भाजून निघाल्याने आलेला सोनेरी रंग दिसायला जुळे भाऊ असतात. फरक नाकाला कळतो. आणि नाक, हे एव्हाना स्पष्ट झालं होतं, माझ्याशिवाय सगळ्यांकडे होतं.

मामींनी मग हातातली पळी तशीच धरून ठेवणीचं शास्त्र सांगितलं. “चिंच मिठात घालून ठिवा, काळी व्हईल पर टिकल. गूळ टिकतोय. लोणचं टिकतंय. ज्याच्यात आंबट, खारट न्हाईतर गोड भक्कम हाय, त्यालाच ठिवायचं. आन त्ये बी अंधारात, गारव्याला. बाकीचं हाय तवर खाऊन मोकळं व्हायचं.” एवढं बोलून त्या सुकं वाढायला पुढे गेल्या.

मी गप्प बसलो. मिठाचा भाग वगळला तर पांढरी वाइन किती टिकेल याचा निकष हाच आहे: आंबटपणा भक्कम हवा किंवा साखर भरपूर हवी, आणि ठेवण गार-अंधारी हवी. रीसलिंग आणि ल्वारची शेनँ टिकते ती त्या आंबटपणावर. माझ्या वहीत या मुद्द्याला तीन पानं लागली होती. आणि समास.

उरली रीसलिंग. ती घमेल्याच्या कडेला, बर्फ वितळलेल्या बाजूला पडल्यामुळे बेताची गार झाली होती. तिला खरं बूच होतं आणि माझ्याकडे बूच काढायचा स्क्रू. फिरवला, ओढला, अर्धं बूच हातात आलं. उरलेल्या अर्ध्याला पुन्हा स्क्रू लावला, तर त्याचा भुगा झाला. शेवटी मेव्हण्याने उलथन्याच्या दांड्याने ते आत ढकललं. आता गाळणार कशातून? चहाची गाळणी मी नाकारली. काही मर्यादा असतात. मामींनी नारळाचं दूध पिळायचं धुतलेलं फडकं दिलं. मोझेलच्या उतारावर वाढलेली, दशकभर जपलेली रीसलिंग कोल्हापुरी फडक्यातून स्टीलच्या तांब्यात उतरली.

फडक्यात बुचाच्या भुग्याबरोबर पांढरे चकचकीत खडे उरले. “काच!” मी ओरडलो. पंगतीत धावपळ झाली. मामांनी पोरांना मागे घेतलं. मामींनी एक खडा बोटांत धरून चुरडला, जिभेला लावला आणि म्हणाल्या, “काच न्हाई. आंबट हाय.” ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक होते. फार दिवस गारव्यात राहिलेल्या पांढऱ्या वाइनमध्ये ते खाली बसतात, आणि अपायकारक मुळीच नसतात. हेच टार्टारिक आम्ल चिंचेत असतं. मामी ओळखणार नाहीत तर कोण ओळखणार?

गोडासाठी मी पुण्याहून आंबा बर्फी नेली होती. मटणावर गोड कोण खातं, असं कुणीतरी म्हणालं. मी दुर्लक्ष केलं. बर्फी वाटली, रीसलिंग वाटली आणि वातावरण सावरावं म्हणून श्पेटलेझची, म्हणजे उशिरा तोडणीच्या वाइनची, गोष्ट सांगितली. जर्मनीतल्या श्लोस योहानिसबर्गची ही आख्यायिका. १७७५ साली द्राक्षं तोडायची परवानगी फुल्डाहून घेऊन येणारा घोडेस्वार फार उशिरा पोचला. तोवर द्राक्षं वेलीवरच सुरकुतली, बुरशीने धरली. तरीही त्यांची वाइन केली आणि ती अमृत निघाली. तेव्हापासून उशिरा तोडणीच्या वाइनला मान आला.

मेव्हणा विचारात पडला. “म्हंजी सरकारी कागद लेट आला म्हणून माल चांगला झाला? आमच्यात ऊसतोडीची टोळी महिनाभर लेट आली, तर उसाला तुरा येतोय आन वजन घटतंय. ही जर्मन लोकं नशिबाची, दाजी.”

सगळ्यांनी बर्फी खाल्ली आणि घोट घेतला. ओळीने चेहरे आक्रसले. बर्फी वाइनपेक्षा फार गोड होती, आणि वाइनपेक्षा पदार्थ गोड असला की वाइनमधली साखर जिभेला दिसेनाशी होऊन नुसता आंबटपणा उरतो. “लिंबू पिळलंय व्हय?” मामांनी विचारलं. मग त्यांनी तांब्याशी नाक नेलं, पुन्हा नेलं, आणि त्यांचे डोळे चमकले.

“पाव्हणं, ह्यात रॉकेल हाय.”

“मामा, काहीतरीच काय!” मी म्हणालो.

“रॉकेलच्या रांगेत जिंदगी गेली माझी. मला शिकवू नगासा. रॉकेल हाय.”

जुन्या रीसलिंगची जगन्मान्य ओळख हीच आहे. टीडीएन नावाच्या एका संयुगाने वयानुसार तिला पेट्रोल-रॉकेलचा वास येऊ लागतो आणि जाणकार तो वास आला की खूश होतात. माझ्या वहीत हे लाल शाईने लिहिलेलं होतं. मी मात्र त्या क्षणी मामांना पटवत होतो, की तो डोंगरी फुलांचा सुगंध आहे.

तेवढ्यात शांतपणे एक गोष्ट घडली. मेव्हण्याने बर्फी बाजूला ठेवली, उरलेला तांबडा रस्सा वाटीत ओतून घेतला, भुरका मारला आणि सवयीने हाताशी असलेलं रीसलिंगचं फुलपात्र तोंडाला लावलं. मी डोळे झाकले. आग आता परड्यापर्यंत जाईल, असं वाटलं.

“दाजी,” तो म्हणाला, “हे बघा की!”

मी बघितलं. मामांनी बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. तांबड्यानंतरचा तो घोट आग विझवत होता. साखर तिखटाला शांत करत होती, आंबटपणा तर्री धुऊन काढत होता, आणि आठ टक्के अल्कोहोलमध्ये पेटवण्याची ताकद नव्हती. ज्या आकड्यापायी मी तिला तिसऱ्या क्रमांकावर ढकललं होतं, तोच तिचा मोठेपणा ठरला. रॉकेलचा वासही मसाल्यात असा मुरला, की मामा म्हणाले, “चुलीवरचं वाटतंय.” तांब्या दोनदा पंगतीभर फिरला. तिसऱ्यांदा फिरवायला त्यात काही नव्हतं.

मी लगेच उठून सांगितलं, की तिखटाबरोबर किंचित गोड, कमी अल्कोहोलची रीसलिंग हेच शास्त्रशुद्ध आहे आणि हा मेळ मी मुद्दाम शेवटी राखून ठेवला होता. कुणीही वाद घातला नाही. बायकोने फक्त माझी वही उचलून पिशवीत तळाशी ठेवली, बर्फीच्या रिकाम्या खोक्याखाली.

प्रश्न राहिला माळ्यावरच्या शेनँचा. बाटली पाऊण भरलेली होती आणि मामींच्या घरात काही फेकत नाहीत. दुसऱ्या दिवशी दिव्याच्या अवसेसाठी समया घासायला काढल्या होत्या. मी सुचवलं, की वाइन आम्लधर्मी असते, चिंचेऐवजी तीच वापरली तर पितळ लख्ख निघेल. मामींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी दोन पावलं मागे सरलो. “देवाच्या समईला दारू लावू?” त्या म्हणाल्या. मग बाटली उचलून त्या न्हाणीघराकडे गेल्या. जाताना मुठीत मीठ घेतलं.

आम्ही पुण्याला पोचल्यावर मेव्हण्याचा फोन आला. तांब्याचा बंब असा निघाला होता, की शेजारणी बघायला येऊन गेल्या. “दाजी,” तो म्हणाला, “पुढच्या आखाडाला ती रॉकेलची बाटली दोन आणा. आन आई म्हणतीया, माळ्यावरची एक. मोठी परात राहिलीया.”

मी ताबडतोब वही काढली आणि ऑर्डर उतरवून घेतली. रीसलिंगसाठी श्टुटगार्टला पुतण्याला कळवलंय. माळ्यावर चढवायची नवी शेनँ मात्र आत्ताच आणून ठेवावी लागेल; परातीसाठी तिला निदान एक उन्हाळा तरी मिळायला हवा.